दर पावसाळ्यात घाटे अळीच्या डाएटवर बुरशी येते आणि कल्चर बसतं: आधी रिकामा ट्रे लावून बघा

जून संपून जुलै लागला की लॅबमध्ये घाटे अळ्या वाढवणाऱ्यांचे मला फोन यायला सुरुवात होते. या अळ्यांना शिजवून दिलेलं कृत्रिम खाद्य म्हणजे डाएट, पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या अळ्या-पतंग म्हणजे कल्चर, आणि ते सगळं मरून संपलं की आम्ही म्हणतो कल्चर बसलं. कुणी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, कुणी पीएच.डी.ला, कुणी प्रोजेक्टवर एसआरएफ (सिनियर रिसर्च फेलो), आणि प्रश्न एकच, ताई, डाएटवर परत बुरशी आली, मागच्या वर्षीसारखीच, अळ्या पटापट मरतायत, फॉर्मलिन किती वाढवू? माझं उत्तर गेली बरीच वर्षं तेच आहे, फॉर्मलिन, म्हणजे बुरशी रोखायला डाएटमध्ये घालतात ते फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, एक थेंबसुद्धा वाढवू नका, आधी एक रिकामा ट्रे, म्हणजे डाएट भरलेला पण अळी न सोडलेला, लावा. पण हे फोनवर दहा मिनिटांत नीट सांगून होत नाही, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

मी बोलतेय ते घाटे अळीबद्दल, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसणारी, तुरीच्या शेंगा पोखरणारी, कापसात आपण जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतो तीच. पण यातलं बरंचसं स्पोडोप्टेरा लिट्युराला (तंबाखूवरची पानं खाणारी अळी) आणि २०१८ मध्ये आपल्याकडं आलेल्या अमेरिकन लष्करी अळीलाही लागू पडतं, कारण बहुतेक लॅबमध्ये या तिघींना फिरवून फिरवून हरभऱ्याच्या पिठाचंच डाएट दिलं जातं. एचएएनपीव्ही (घाटे अळीला मारणारा विषाणू) तयार करायचा असो, बीटीची (अळ्या मारणारा जिवाणू) बायोअसे, म्हणजे अळ्यांवर विष किती चालतं याची चाचणी, असो नाहीतर कीटकनाशकाला प्रतिकार आलाय का ते बघायचं असो, एकाच वयाच्या, एकसारख्या वजनाच्या, निरोगी अळ्या शेकड्यांनी हाताशी लागतात आणि त्या शेतातून गोळा करून कधीच मिळत नाहीत. शेतात हरभरा रब्बीतच असतो, आपल्याला अळ्या बारा महिने लागतात. म्हणून डाएट.

आता लक्षण. ट्रे लावल्यावर पहिले दोन दिवस सगळं छान दिसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं की कप्प्याच्या कडेला, जिथं डाएट प्लास्टिकला चिकटलेलं असतं तिथं, कापसाच्या धाग्यासारखं पांढरं काहीतरी दिसतं. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर काजळी धरल्यासारखे काळे ठिपके येतात, ही ॲस्परजिलस नायजर. पिवळसर हिरवी पावडर दिसली तर ॲस्परजिलस फ्लेव्हस, आणि राखाडी केसांच्या टोकाला टाचणीसारखी डोकी दिसली तर रायझोपस. चौथ्या दिवशी अळी त्या धाग्यांच्या जाळ्यात अडकलेली असते किंवा झाकणाला चिकटून उपाशी मेलेली.

फॉर्मलिन वाढवायचा मोह का होतो ते मला चांगलं माहीत आहे, कारण मीही तेच केलंय. दोनाचे चार मिली केले, मग सहा. बुरशी कमी झाली हे खरं, पण अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्या डाएटला तोंडच लावेनात, भिंतींवरून फिरत राहायच्या आणि दुसऱ्या दिवशी सुकून पडलेल्या सापडायच्या. ज्या जगल्या त्यांना कोषात जायला पंधरा-सोळा दिवसांऐवजी बावीस-तेवीस दिवस लागले, कोष हलके, पुढच्या पिढीत अंडी कमी. आणि त्याच अळ्यांवर माझ्या एका मैत्रिणीची बायोअसे चालू होती. तिच्या कंट्रोलमध्येच, जिथं विष नाहीच आहे तिथं, एवढ्या अळ्या मेल्या की डेटा टाकून द्यावा लागला, कारण कंट्रोलमधली मर २० टक्क्यांच्या वर गेली की ॲबटचा फॉर्म्युला (कंट्रोलमधली मर हिशोबातून वजा करायचं गणित) लावूनसुद्धा उपयोग नसतो, ती टेस्ट रद्दच धरतात. तिचा सीझन गेला. तेव्हापासून मी हा विषय फार मनावर घेतला.

शिवाय फॉर्मलिन तुमच्या नाकातोंडातूनही जातं हे विसरू नका. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. गरम डाएटमध्ये ते ओतताना डोळ्यांची आग होते ना, ती आग म्हणजे इशारा आहे, फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) ओता आणि हूड नसेल तर हा घटक वगळूनच डाएट चालवायला शिका. चालतं, मी चालवलंय.

आमचं डाएट काय आहे ते सांगते म्हणजे पुढचं बोलणं कळेल. ७८० मिली डिस्टिल्ड पाण्याला हरभऱ्याचं पीठ १०५ ग्रॅम, यीस्ट १० ग्रॅम, अगर पावणेतेरा ग्रॅम, एस्कॉर्बिक ॲसिड सव्वातीन ग्रॅम, मिथिल पॅराबेन २ ग्रॅम, सॉर्बिक ॲसिड १ ग्रॅम (ही दोन बुरशी रोखणारी प्रिझर्व्हेटिव्ह), थोडं स्ट्रेप्टोमायसिन, मल्टिव्हिटॅमिन आणि ई-व्हिटॅमिनच्या दोन दोन कॅप्सूल, आणि १० टक्के फॉर्मलिन २ मिली. तुमच्याकडं आकडे थोडे इकडं तिकडं असतील, हरकत नाही. यात अळीचं जेवण म्हणजे पीठ, यीस्ट आणि जीवनसत्त्वं, बाकी सगळं एकतर बांधून ठेवायला नाहीतर टिकवायला. कडधान्याच्या पिठावर पतंगवर्गातल्या अळ्या वाढवायची कल्पना जुनीच आहे, १९६५ साली कॅलिफोर्नियात पिंटो राजम्यावर नऊ जातींच्या अळ्या वाढवून दाखवल्या होत्या. आपल्याकडं हरभरा सहज मिळतो आणि घाटे अळीला तो आवडतोच, म्हणून राजम्याच्या जागी हरभरा आला.

आता रिकामा ट्रे म्हणजे काय. एकाच बॅचच्या डाएटचे तीन ट्रे भरायचे. पहिला ट्रे भरून, गार करून, झाकण लावून तसाच ठेवायचा, त्यात अळी सोडायची नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. दुसऱ्या ट्रेचं झाकण उघडून रोजच्या ब्रशने प्रत्येक कप्प्यात डाएटला नुसता स्पर्श करायचा, जसा आपण अळी सोडताना करतो तसाच, पण अळीशिवाय, आणि झाकण लावायचं. तिसऱ्यात नेहमीसारख्या अळ्या सोडायच्या. तिन्ही एकाच शेल्फवर शेजारी शेजारी ठेवायचे आणि सात दिवस रोज एकाच वेळी बघायचे. पहिलाच खराब झाला तर दोष डाएट बनवण्यात किंवा ओतण्यात आहे. पहिला स्वच्छ आणि दुसरा खराब, तर ब्रश, हात आणि खोलीतली हवा. पहिले दोन्ही स्वच्छ आणि फक्त अळ्यांचा ट्रे गेला तर घाण अंड्यांबरोबर आलीय आणि तुम्ही डाएटमध्ये काहीही वाढवलंत तरी ती येतच राहणार. एवढी साधी गोष्ट आहे, पण मी जेवढ्या लॅबमध्ये गेले तिथं हा ट्रे लावलेला जवळजवळ कुठंच दिसला नाही, कारण डाएट महाग, ट्रे कमी, आणि रिकामा ट्रे ठेवणं म्हणजे वाया घालवणं असं वाटतं. तीन ट्रेचा खर्च आणि अख्खं कल्चर बसण्याचा खर्च शेजारी मांडून बघा.

पहिला ट्रे खराब झाला असं धरून चालू, कारण पावसाळ्यात दहातले बहुतेक फोन इथंच येऊन थांबतात. बुरशी कप्प्यात कुठून सुरू झाली ते भिंग घेऊन बघा. वरून, कडेला, पाण्याच्या थेंबाजवळ सुरू झाली असेल तर ती ओतल्यानंतर आलीय. आतून, डाएटच्या पोटातून, एखाद्या गुठळीभोवती सुरू झाली असेल तर शिजवणं कमी पडलंय. आणि सगळ्या कप्प्यांत सगळीकडं एकदम सारखी आली असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह कामच करत नाहीयेत.

थेंबाचं आधी सांगते कारण पावसाळ्याचा खरा संबंध त्याच्याशी आहे. लोक म्हणतात हवेत बीजाणू जास्त असतात म्हणून बुरशी येते, ते आहेच, पण बीजाणूला रुजायला मोकळं पाणी मिळतं ते झाकणाखालच्या थेंबातून. डाएट गरम असताना झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते. मग आमच्या भागात दिवसातून दोनदा लाइट जाते, एसी बंद, खोली तापते, डाएट तापतं, लाइट आली की एसी जोरात सुरू, हवा आणि झाकण पटकन गार होतं, डाएट मात्र अजून कोमटच, की परत थेंब. हा खेळ दिवसभर. एकदा मी नुकती निघालेली अळी भिंगाखाली बघत होते, जेमतेम दीड मिलिमीटर, डोकं काळं, अंग पारदर्शक. ती उजेडाच्या दिशेनं वर चढते, हा तिचा स्वभावच आहे, वर चढली, झाकणावरच्या थेंबाला डोकं लागलं आणि थेंबाने तिला आत ओढून घेतलं, पाय हलताना दिसत होते, मिनिटभरात थांबले. आम्ही रजिस्टरमध्ये "डाएट न खाल्ल्यामुळे मर" असं लिहीत होतो, प्रत्यक्षात त्या बुडून मरत होत्या.

उपाय स्वस्त आहे. डाएट ५० ते ५५ अंशांना ओता, जास्त गरम ओतू नका. अगर ८५ च्या आसपास विरघळतं आणि ३२ ते ४० च्या दरम्यान गोठतं, म्हणजे मधे भरपूर वेळ मिळतो, घाई करायची गरजच नसते. सॉसची दाबायची बाटली असते ना, ती स्वच्छ धुऊन, गरम पाण्यात ठेवून तिने ओता, भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत, कारण त्या शिंतोड्यांवरच बुरशी पहिली धरते. ओतल्यावर ट्रे लॅमिनारमध्ये (गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटात) पंखा चालू ठेवून उघडे ठेवा, दीड-दोन तास, वरचा थर बोट लावल्यावर ओला न लागेपर्यंत. लॅमिनार नसेल तर उकळून वाळवलेलं मलमल दोन पदरी टाकून झाका. फ्रिजमधून काढलेलं डाएट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर त्याला घाम सुटतो. आणि इन्व्हर्टरवर एसी चालत नसेल तर निदान ट्रे थर्माकोलच्या पेटीत ठेवा, तापमानाचे झटके कमी बसतात.

पोटातून बुरशी येते ते प्रकरण वेगळं. पीठ थेट गरम अगरमध्ये टाकलं की गुठळ्या होतात, पिठलं करताना होतात तशाच, आणि गुठळीचं पोट कच्चं राहतं. पीठ आधी निम्म्या गार पाण्यात कालवून, मिक्सरमधून काढून, मग उकळी आणा आणि निदान पंधरा मिनिटं सतत ढवळत शिजवा. आणि हे लक्षात ठेवा की उकळून बुरशीचे बीजाणू मरतात पण बॅसिलस नावाच्या जिवाणूंचे मरत नाहीत. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी डाएटवर बुरशी नसून चिकट, मळकट, बुळबुळीत थर येत असेल, तार सुटत असेल, तर ते जिवाणू आहेत, तिथं पॅराबेन वाढवून काहीही होणार नाही, पीठ ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत तापवा, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं.

यीस्टचा एक प्रकार सांगून टाकते. एका मुलीचा फोन आला की ट्रेची झाकणं आपोआप उचलली जातायत, डाएटमध्ये इडलीसारखी भोकं पडलीत, आंबट वास येतोय. तिने जीवनसत्त्वं शेवटी टाकायची असतात हे वाचलं होतं म्हणून यीस्टही शेवटीच टाकलं होतं, बेकरीचं जिवंत यीस्ट, ५० अंशाला. ते मेलंच नाही, आरामात फुगत बसलं. यीस्ट पिठाबरोबर उकळायचंच. शेवटी, डाएट ५५ च्या खाली आल्यावर टाकायचं ते एस्कॉर्बिक, मल्टिव्हिटॅमिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि फॉर्मलिन.

आता तिसरी गोष्ट, सगळीकडं एकदम बुरशी. याच्यावर मी एक अख्खा ऑगस्ट घालवलाय. रेसिपी तीच, माणसं तीच, थेंब नाहीत, गुठळ्या नाहीत, तरी रिकामा ट्रे तिसऱ्या दिवशी संपूर्ण काळा. प्रिझर्व्हेटिव्ह नवीन मागवले, तरी तेच. शेवटी एका सिनियर मॅडमनी विचारलं, पीएच बघितलास का? आंबटपणाचा हा आकडा, जेवढा कमी तेवढं आंबट, मी कधीच बघितला नव्हता. पट्टी लावली तर साडेसहा. आमच्या जुन्या डाएटचा पाचच्या आसपास असायचा, कारण एस्कॉर्बिक ॲसिड स्वतःच आंबट. बाटली हातात घेऊन लेबल नीट वाचलं तेव्हा कळलं की नव्या पुरवठादाराने एस्कॉर्बिक ॲसिडऐवजी सोडियम एस्कॉर्बेट पाठवलं होतं. व्हिटॅमिन सी दोन्हीत आहे, अळीला फरक पडत नाही, पण एस्कॉर्बेट आंबट नाही.

आणि सॉर्बिक ॲसिडचा सगळा खेळ आंबटपणावर आहे. त्याचा जो भाग आयनात न फुटता अख्खा राहतो तोच बुरशीच्या पेशीत शिरतो. पीएच ५ ला साधारण ३६ टक्के भाग अख्खा असतो, साडेसहाला २ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे तुम्ही १ ग्रॅम टाकलं तरी कामाला येतं ते चिमूटभर. मिथिल पॅराबेनला पीएचचा एवढा त्रास नाही, ते साडेसहालाही काम करतं, पण एकट्याने पावसाळा पेलत नाही. म्हणून दर बॅचला पट्टी लावा, पट्टी दोन रुपयाची असते. सॉर्बिक ॲसिडच्या जागी पोटॅशियम सॉर्बेट आलंय का तेही बघा, तिथंही हाच घोळ. बोअरचं पाणी वापरत असाल तर बंद करा, मराठवाडा-विदर्भातल्या क्षाराच्या पाण्यात एवढे बायकार्बोनेट असतात की ते आंबटपणा खाऊन टाकतात. पीएच जास्त असेल तर सायट्रिक ॲसिड थोडं थोडं टाकून पाचपर्यंत आणा, फार खाली नेऊ नका, आंबट डाएटमध्ये अगर शिजवलं की नीट घट्ट धरत नाही, म्हणून आंबट ते शेवटीच.

याच्याच जोडीला, मिथिल पॅराबेन आणि सॉर्बिक ॲसिड या दोन्ही पावडरी गार पाण्यात फारशा विरघळत नाहीत. वरून भुरभुरवल्या तर पांढरे कण तरंगत राहतात, एका कप्प्यात जास्त जातात, एका कप्प्यात काहीच नाही, आणि मग ट्रेमध्ये चार कप्पे स्वच्छ, दोन काळे, परत तीन स्वच्छ असं चित्र दिसतं. असं ठिपक्याठिपक्याचं चित्र दिसलं की समजा मिसळणं चुकलंय. थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग टाका.

दुसरा ट्रे, ब्रशवाला, तो खराब झाला तर फार खोलात जायला नको. ब्रश प्रत्येक ओळीनंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवायचा, ओला नाही. पीठ ज्या खोलीत दळता किंवा चाळता तिथं ट्रे उघडू नका, पिठाची धूळ म्हणजे बीजाणूंचंच पोतं आहे. यूव्ही लाइटवर फार विसंबू नका, सावलीत ती पोचत नाही आणि जुनी झालेली ट्यूब निळी दिसते पण मारत काही नाही. बुरशीवर नागमोडी बारीक वाटा दिसल्या तर कोळी-माइट्स आहेत, ते बुरशी खातात आणि अंगावर बीजाणू घेऊन ट्रेमागून ट्रे फिरतात, टेबलाचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवा, आपल्याकडं जाळीच्या कपाटाला मुंग्यांसाठी करायचे तसं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि फोनवर लोकांना ऐकायला आवडत नाही ते. रिकामे दोन्ही ट्रे स्वच्छ आहेत, फक्त अळ्यांचा ट्रे जातोय. म्हणजे अंडी. पतंग केजमध्ये मलमलच्या कापडावर अंडी घालतात, त्याच कापडावर त्यांची विष्ठा, पंखांची पावडर आणि मधाच्या पाण्याचे डाग असतात. तीन दिवसांत अंडी फुटतात, अळी बाहेर पडल्या पडल्या स्वतःचं कवच खाते, आणि त्या कवचावर जे जे असेल ते पोटात जातं. अंडी धुवायलाच हवीत. सोडियम हायपोक्लोराइट ०.२ टक्के, पाच मिनिटं, मग वाहत्या स्वच्छ पाण्यात क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत, मग फिल्टर पेपरवर वाळवायची. बाजारातली बाटली ४ टक्क्यांची असेल तर एक भाग द्रावण आणि एकोणीस भाग पाणी. पण बाटली उन्हाळाभर कपाटात पडून असेल तर ती ४ टक्क्यांची राहिलेली नसते, उष्णतेने तिची ताकद जाते, नवीन घ्या. जास्त वेळ बुडवलं तर अंडी कापडावरून सुटून खाली पडतात, काही लोक मुद्दाम तसंच करतात, चालतं, पण मग गाळून लगेच धुवा.

अंडी धुऊनही अळ्या मरत असतील तर मेलेली अळी नीट बघा. बुरशी मेल्यावर आलेली असू शकते, मेली वेगळ्याच कारणाने. पाच-सात दिवसांत, चांगल्या वाढलेल्या अळ्या खाणं सोडून झाकणाकडं चढल्या, मागच्या पायांनी धरून डोकं खाली करून लोंबकळत मेल्या, अंग पिवळट-गुलाबी पडून मऊ झालं, आणि चिमट्याने उचलायला गेलात की कातडी फाटून पातळ पाणी सांडलं, तर तो एनपीव्ही, म्हणजे वर सांगितलेला विषाणू, आहे. जिवाणूने मेलेली अळी काळी पडते आणि लगेच घाण वास मारते, विषाणूची सुरुवातीला तशी मारत नाही. खात्री करायची तर एक थेंब स्लाइडवर घ्या, ४०० पट मोठं करून बघा, चमकणारे बारीक मणी दिसतील, कडेने पातळ सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला की ते विरघळून दिसेनासे होतात. अळीच्या पोटातही नेमकं हेच होतं, तिथलं वातावरण अल्कलाइन असतं म्हणून मणी फुटून विषाणू सुटतो.

आपल्या बऱ्याच जैविक कीड नियंत्रण लॅबमध्ये हाच विषाणू मुद्दाम तयार करतात, शेतकऱ्याला हेक्टरी २५० एलई (लार्व्हल इक्विव्हॅलंट, म्हणजे विषाणूने मेलेल्या तेवढ्या अळ्यांइतका विषाणू) फवारायला. फार चांगलं काम आहे ते. पण विषाणूचं युनिट आणि मूळ कल्चर एकाच कॉरिडॉरमध्ये, एकच मदतनीस, एकच झाडू, एकच सिंक, असं असेल तर कल्चर वाचवणं कुणालाच शक्य नाही. ज्या लॅबमध्ये मी शिकले तिथं सकाळी विषाणूच्या खोलीतलं काम व्हायचं आणि दुपारी त्याच ॲप्रनवर आम्ही अंडी गोळा करायचो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कल्चर का बसतं याच्यावर मीटिंग व्हायची. दिवसाचा क्रम उलटा करा, आधी अंडी आणि लहान अळ्या, मग मोठ्या अळ्या, विषाणू सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय कल्चरच्या खोलीत पाऊल नाही. एनपीव्ही शिरलाच तर एकेक आजारी अळी वेचत बसू नका, सगळं कल्चर ऑटोक्लेव्ह करा, ट्रे आणि केज हायपोक्लोराइटने धुवा आणि नव्याने सुरू करा. मन होत नाही, मला माहीत आहे, दोन दोन वर्षांचं कल्चर असतं.

नव्याने सुरू करताना शेतातून आणलेल्या अळ्या थेट खोलीत न्यायच्या नाहीत. एकेक वेगळ्या कुपीत, वेगळ्या खोलीत, कोष होईपर्यंत. हरभऱ्यावरून लहान अळ्या आणल्या तर त्यातल्या कित्येकींच्या पोटात कॅम्पोलेटिस नावाच्या गांधीलमाशीचं पिल्लू असतं, चार दिवसांनी अळीच्या जागी पांढरट-करडा कोश सापडतो. त्याला डाएटचा दोष समजून रेसिपी बदलणारे मी पाहिलेत. आणि तिसऱ्या इन्स्टारपासून, म्हणजे दुसरी कात टाकल्यापासून, एका कप्प्यात एकच अळी, ही जात एकमेकींना खाते.

बुरशी नाही, विषाणू नाही, पण अळ्या वाढतच नाहीत, हा प्रकार असेल तर पीठ बघा. दुकानातलं बेसन वापरू नका, त्यात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असू शकतं, आणि साठवणीत हरभऱ्याला कुठलं औषध लावलं होतं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. खात्रीच्या शेतकऱ्याकडून बिनऔषधाचा काबुली हरभरा घ्या, लॅबमध्येच दळा, फ्रीजरमध्ये ठेवा. अळी कात टाकताना अर्धवट अडकून मरत असेल, जुनी कात शेपटीला तशीच, तर व्हिटॅमिन सी गेलेलं आहे, गरम डाएटमध्ये टाकलंत किंवा डाएट फार दिवस ठेवलंत, ते तपकिरी पडलेलं असेल. आणि पतंग निघतात पण पंख चुरगळलेले, उघडतच नाहीत, असं दिसलं तर आधी केजमधली आर्द्रता बघा, ६० ते ७० टक्के हवी, आणि ती बरोबर असेल तर डाएटमध्ये लिनोलेनिक ॲसिड कमी पडतंय, थोडं जवसाचं तेल किंवा गव्हाचा अंकुर घालून बघा. मला जवसाने फरक पडलेला दिसला, लिटरला एक मिली पुरतं, जास्त घातलं तर वर तवंग येतो आणि लहान अळ्या त्यात चिकटतात.

एकावेळी एकच गोष्ट बदला. पीएचही नीट केला, पीठही बदललं, फॉर्मलिनही कमी केलं आणि अळ्या जगल्या, तर पुढच्या जुलैत परत बुरशी आली की तुम्हाला कळणारच नाही नेमकं कशाने बरं झालं होतं. बॅचचा नंबर, तारीख, पीएच, ओतताना तापमान, कुठल्या बाटलीतलं कोणतं केमिकल, रिकाम्या ट्रेचं तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचं निरीक्षण, एवढं एका वहीत, पेनने, रोज.

यानंतरही अडलं तर जरूर फोन करा, रात्रीही चालेल. फक्त करण्याआधी चार फोटो पाठवा: पीएचच्या पट्टीचा, एस्कॉर्बिकच्या बाटलीच्या लेबलचा, तीन दिवसांच्या रिकाम्या ट्रेचा वरून काढलेला, आणि एका मेलेल्या अळीचा, ती जिथं मेली तिथंच असताना, चिमट्याने हलवायच्या आधी.